बोरखेडीची हजेरी

सुधाकर पिंपळशेंडेच्या जिभेखाली गोळी होती, म्हणून त्याला बोलता येत नव्हतं.

त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर लोहोकरे मॅडम बसल्या होत्या. त्या अनुदान समितीच्या, मुंबईहून आलेल्या. त्यांच्या मांडीवर आमचं हजेरीचं रजिस्टर उघडं होतं आणि बोट बोरखेडीच्या नऊ नावांवर होतं.

"पिंपळशेंडे, तुम्ही खरंच रोज येता?" त्यांनी विचारलं. "अडतीस किलोमीटर?"

सुधाकरनं तोंडाकडे बोट दाखवलं आणि हात हलवला.

"गोळी विरघळायला पाच-सात मिनिटं लागतात, मॅडम," मी म्हणाले. "मध्ये बोललं की लाळेबरोबर पोटात जाते. मग तिचा उपयोग होत नाही."

"होऊ दे. मी थांबते," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. त्या वेळी मी आमच्या कोळशाच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात, मागच्या बाजूच्या एका खोलीत नर्स होते. गावात त्या खोलीला 'गोळीवाला दवाखाना' म्हणत. पावडर ओढणारे, दुखण्याच्या इंजेक्शनाची सवय लागलेले, सुईनं हात काळे करून घेतलेले लोक तिथं यायचे. आम्ही त्यांना रोज एक गोळी द्यायचो. तिनं नशा होत नाही, पण अंगातली ओढ थांबते, माणूस कामाला जाऊ शकतो, रात्री झोपू शकतो. अट एकच, गोळी नर्ससमोर घ्यायची. मी चमच्याच्या पाठीनं ती चुरायची, पूड जिभेखाली टाकायची, पेशंटला बाकावर बसवायचं आणि शेवटी "जीभ वर करा" म्हणून बघायचं. घरी न्यायला गोळी द्यायची नाही. बाहेर ती विकली जाते, आणि विकली गेली तर पोलीस आधी नर्सला शोधतात.

सुधाकर बोरखेडीच्या खदानीत डंपर चालवायचा. खड्ड्यांतून गाडी चालवून त्याची कंबर गेली होती. कंबरेसाठी मेडिकलमधल्या गोळ्या, मग इंजेक्शन, मग स्वतःच्या हातानं इंजेक्शन, असा तो खाली खाली गेला. आमच्याकडे आला तेव्हा दंडावर पू झालेला आणि बायको रेखा मागं उभी. पहिल्या महिन्यात त्यानं मला सळो की पळो केलं. तिसऱ्या महिन्यात त्याला ठेकेदारानं परत डंपरवर घेतलं, आणि तिथंच आमची खरी अडचण सुरू झाली.

त्याची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची. आमची खोली नऊला उघडायची आणि एकला बंद व्हायची. बोरखेडीहून एसटी सातला निघायची, परतीची दोनला होती. म्हणजे गोळी घ्यायची तर काम सोडायचं, आणि काम धरायचं तर गोळी सोडायची.

"सिस्टर, तुमी मले चांगलं करून राहिल्या का घरी बसवून राहिल्या?" त्यानं एकदा विचारलं होतं. तो असं हसत विचारायचा, त्यामुळं उत्तर द्यायची आपलीच पंचाईत व्हायची.

मी त्याला पुड्या द्यायला लागले. सोमवारी आणि गुरुवारी तो सुट्टी टाकून यायचा, ठेकेदार तेवढं चालवून घ्यायचा. माझ्यासमोर एक गोळी घ्यायचा आणि मधल्या दिवसांच्या कागदात बांधून न्यायचा. सह्या सगळ्या दिवसांच्या करून जायचा. हळूहळू बोरखेडीच्या इतर आठ जणांनाही मी तसंच देऊ लागले. त्यांतल्या एकानंही गोळी विकली नाही. मी दर वेळी रिकामे कागद मोजून परत घ्यायची आणि वर दोन शिव्याही द्यायची. डॉक्टर उराडे बुधवारी येत, गोळ्यांचा साठा आणि हजेरी जुळते ना, एवढं बघत आणि चहा पिऊन जात. जुळायचंच. गोळ्या खरंच ज्याच्या त्याच्या जिभेखाली जात होत्या. खोटी होती ती फक्त हजेरी.

दोन वर्षं असं चाललं. मग सरकारी अनुदानाची बातमी आली. जिथं लोकांना लांबून यावं लागतं तिथं उपकेंद्र काढायला पैसे मिळणार होते. त्या वर्षी आमच्या विभागात एकच उपकेंद्र मंजूर होणार होतं. मी आणि डॉक्टर उराडेंनी बसून बोरखेडीचा प्रस्ताव लिहिला. सुधाकरला सांगितलं तर तो दुसऱ्याच आठवड्यात जागा शोधून मोकळा. खदानीच्या फाटकाजवळ रेशनचं जुनं गोदाम होतं, ते त्यानं रविवारी माणसं लावून झाडून घेतलं.

"पाच वाजता उघडा, सिस्टर," तो म्हणाला. "पाचला गोळी, सहाला डंपर. मग तुमच्या पुड्यायची कटकट नाही, का मले भेव नाही."

"पाचला उघडायला मी काय कोंबडा आहे?"

"तुमी नका येऊ. एखादी जवान सिस्टर पाठवा."

समिती पाहणीला सोमवारी यावी असं मी मुद्दाम जमवलं, म्हणजे बोरखेडीची माणसं हजर असतील. एप्रिलचा शेवट होता, सकाळी नऊलाच पत्रा तापलेला. नऊच्या नऊ जण दाढी करून, धुतलेले शर्ट घालून आले होते. मॅडमनी रजिस्टर मागितलं आणि मी ते दोन्ही हातांनी पुढं केलं. खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराचा निकाल दाखवावा तसं मी ते दाखवलं. त्यात काय लिहिलंय हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय निघतो, याचा मी दोन वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

मॅडम हुशार होत्या. त्यांनी गावातल्यांची हजेरी वेगळी काढली आणि बोरखेडीची वेगळी.

"सिस्टर, हे बघा," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहणारे शंभरातले सत्तर दिवस येतात. आणि अडतीस किलोमीटरवरून येणारे सत्त्याण्णव दिवस?"

"हो मॅडम."

"प्रस्तावात तुम्ही लिहिलंय, अंतरामुळं उपचार तुटतात. इथं तर अंतरामुळं उपचार जास्त चांगले चाललेले दिसतात." त्या हसल्या नाहीत, खवचटपणाही नव्हता. "दुसऱ्या एका जिल्ह्याचा प्रस्ताव आहे माझ्याकडं. तिथं लांबचे लोक तीसच दिवस येतात. मी कुणाला देऊ, तुम्हीच सांगा."

त्याच वेळी सुधाकर बाकावर बसला होता, त्याला गोळी देऊन मिनिटही झालं नव्हतं. मॅडम खुर्ची ओढून त्याच्यासमोर गेल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

मधल्या पाच मिनिटांत काय झालं ते पुढं सांगते.

पाच मिनिटांनी मी नेहमीप्रमाणं म्हणाले, "जीभ वर करा." सुधाकरनं जीभ वर केली. खाली काही उरलं नव्हतं. त्यानं तोंड पुसलं आणि मॅडमकडे पाहिलं.

"रोज येतो, मॅडम," तो म्हणाला. "पुस्तकात हाये तसं."

"कामाला कधी जाता मग?"

"दुपारच्या पाळीले."

"त्रास नाही होत?"

"कायचा त्रास जी? एसटीत बसलं का आलं गाव. खिडकीपाशी झोप बी होते."

बाकीचे आठ जण खाली बघत बसले होते. मॅडमनी त्यांनाही विचारलं, आणि त्यांनी सुधाकरकडे एकदा पाहून तेच सांगितलं. मॅडमनी रजिस्टर मिटलं.

"सिस्टर, अशी हजेरी मी कुठंच पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "उपकेंद्राचं अवघड दिसतंय, पण हे केंद्र मला आदर्श म्हणून दाखवायचंय. दोन-तीन महिन्यांत मी न कळवता परत येईन, फोटो काढायला माणूस घेऊन."

त्या गेल्या. मी कपाटातून सुधाकरच्या पुड्या काढल्या, मंगळवार आणि बुधवारच्या. त्यानं हात मागं घेतला.

"ठेवा तुमच्यापाशी."

"अरे, मग दोन दिवस काय करशील?"

"पाहू."

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो दारात उभा होता. घामेजलेला, हातात एसटीचं तिकीट.

"आज कसा?" मी विचारलं.

"मॅडमले सांगतलं ना, रोज येतो म्हणून. त्या कधीबी येतीन. मी दिसलो नाही तं तुमी अडकान."

"सुधाकर, पहिली पाळी?"

"दुपारची मागतली हाये."

दुपारची पाळी त्याला मिळाली नाही. दोनची एसटी खदानीत चारला पोचायची आणि दुपारची पाळी दोनला सुरू व्हायची. पंधरा दिवस ठेकेदारानं वाट बघितली आणि डंपर दुसऱ्याला दिला. सुधाकर मग संध्याकाळी ट्रकांवर ताडपत्री बांधायचं काम करू लागला. कंबर गेलेल्या माणसानं करायचं काम नव्हे ते. मी दोनदा पुढ्यात पुडी ठेवली. दोन्ही वेळा त्यानं ती परत सरकवली. आणि दोन्ही वेळा मला हायसं वाटलं. हे कबूल करायला मला चौदा वर्षं लागली. माझा करार अकरा महिन्यांचा होता, मला दोन मुली होत्या, आणि नशेच्या औषधाच्या केसमध्ये नर्सला जामीनही लवकर मिळत नाही असं मी ऐकून होते. मॅडम येऊन गेल्या त्या दिवसापासून मी बाकी कुणालाच पुड्या दिल्या नाहीत. बोरखेडीच्या नऊपैकी चार जणांनी जूनपर्यंत येणं सोडलं. दोघं परत सुईवर गेल्याचं कळलं. ते चौघं आले नाहीत त्या दिवसांच्या चौकटीत मी गैरहजर असं लिहिलं. आता हजेरी खरी होती.

जूनमध्ये पत्र आलं. उपकेंद्र दुसऱ्या जिल्ह्याला गेलं. सोबत आमच्या केंद्राला प्रशस्तिपत्र, उत्कृष्ट उपस्थितीबद्दल, खाली माझं नाव. डॉक्टर उराडेंनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. सुधाकर गोळी जिभेखाली घेऊन त्याच्याच खाली बसायचा. एकदा त्यानं बोटानं फ्रेम दाखवली आणि अंगठा वर केला. मला त्याचा राग आला. राग नेमका कुणाचा हे तेव्हा कळलं नाही.

मॅडम परत आल्याच नाहीत. सुधाकर मात्र येत राहिला. एसटी चुकली तर कोळशाच्या ट्रकमधून यायचा, मग शर्ट काळा असायचा आणि मी त्याला बाकावर वर्तमानपत्र पसरून बसवायची.

जुलैच्या शेवटी नदीला पूर आला. आदल्या दिवशी सगळे तेच बोलत होते, धरणाचे दरवाजे उघडणार, बोरखेडीच्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जाणार. सुधाकर गोळी घेऊन उठला, दाराशी थांबला, बाहेर बघितलं. मी कपाटाजवळ होते. किल्ली माझ्या कमरेलाच होती. त्यानं पुडी मागितली नाही आणि मी दिली नाही.

"येतो, सिस्टर," तो म्हणाला.

पूल चार दिवस पाण्याखाली होता. चार दिवस त्याच्या नावापुढं मी गैरहजर लिहिलं. पाचव्या दिवशी पूल मोकळा झाला आणि त्याच्याआधी बातमी आली. चौथ्या दिवशी संध्याकाळी अंगातली ओढ त्याला सहन झाली नाही. डंपरच्या अड्ड्यावर कुणाकडून तरी सुई घेतली, पूर्वी घ्यायचा तेवढीच भरली. तेवढं सोसायची अंगाची सवय मोडलेली होती. लोकांना वाटलं झोपला आहे.

रेखा पंधरा दिवसांनी आली, दुपारी, खोली बंद व्हायच्या वेळेला. तिच्या हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. ती बाकावर बसली, सुधाकर बसायचा तिथंच. तिला ते माहीत नव्हतं.

"हे तुमचं हाये," तिनं डबा पुढं केला.

मी उघडला. आत एसटीची तिकिटं होती, गड्ड्या करून रबरानं बांधलेली, जायची आणि यायची. प्रत्येकावर पेनानं तारीख. ज्या दिवशी तो ट्रकनं आला त्या दिवशी कागदाचा तुकडा, त्यावर तारीख आणि ट्रकचा नंबर. मी तारखा लावून पाहिल्या. मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पूल जाईपर्यंत एकही दिवस सुटलेला नव्हता.

"ते म्हणत, तपासणी आली अन् सिस्टरवर कोणी बोट दाखवलं तं हे दाखवता येईन," रेखा म्हणाली. "पोरीले हात लावू देत नव्हते डब्याले."

"म्या लय भांडली त्यायच्यासंग," ती सांगत राहिली. "म्हटलं, डंपर गेला, घर बसलं, तुमाले काय पडली सिस्टरची? त्या मॅडमसमोर खरं सांगतलं असतं तं गोदामात दवाखाना झाला असता. तं म्हणत, सिस्टर खरं सांगालेच निघाली होती, रेखा. तिच्या तोंडातून शब्द निघालाच होता. म्याच मधात बोललो. तिले दोन पोरी हायेत."

आता ती पाच मिनिटं.

मॅडम सुधाकरसमोर बसल्या होत्या. एक-दोन मिनिटं गेली. मग त्यांना कंटाळा आला असेल, त्या माझ्याकडे वळल्या आणि साधेपणानं म्हणाल्या, "सिस्टर, तोवर तुम्हीच सांगा. रोज येतात हे? की सह्या एकदम होतात? स्पष्ट सांगितलंत तर मी काहीतरी करू शकेन."

सुधाकर माझ्याकडे बघत होता. तोंड मिटलेलं, गाल थोडे फुगलेले, आणि डोळ्यांत एवढी आशा की मला आजही ते डोळे आठवले की जेवण जात नाही. त्याला वाटलं, आता झालं गोदामाचं काम. मी त्याच्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि म्हणाले, "रजिस्टरात आहे तेच खरं आहे, मॅडम. रोज येतात."

त्यानंतरही गोळी विरघळायला तीन मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्यानं ठरवलं असणार.

मी रेखाकडे बघितलं. ती डब्याचं झाकण हातात घेऊन बसली होती. तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं आणि मी काही बोलले नसते तर पुढंही कधी कळलं नसतं. सुधाकरनं ती वाटसुद्धा बंद करून ठेवली होती, माझ्यासाठी.

"नाही, रेखाबाई," मी म्हणाले. "तो मध्ये बोलला नाही. मॅडमनी आधी मला विचारलं होतं. त्याच्या तोंडात गोळी होती. मी खोटं बोलले, आणि मग त्याला तेच बोलावं लागलं."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं, त्याचं चाक वाजत होतं.

"त्यायच्यासमोर?" तिनं विचारलं.

"त्याच्यासमोर."

तिनं डबा स्वतःकडे ओढला. तिकिटांवरून एकदा हात फिरवला, झाकण लावलं, घट्ट दाबलं. मला वाटलं ती आता उठून जाईल. मग तिनं तो परत माझ्यापुढं सरकवला.

"मंग हे तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "त्या मॅडमले पाठवा."

मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. दोन वर्षांतल्या कोणत्या सह्या खऱ्या, कोणत्या खोट्या, पुड्या कुणाला किती, सगळं. डबा सोबत जोडला. दवाखान्यानं माझा करार महिन्याभरात संपवला. चौकशी वर्षभर चालली, केस झाली नाही. मी आता एका वृद्धाश्रमात काम करते.

बोरखेडीचं केंद्र पुढच्या फेरीत मंजूर झालं, खदानीच्या फाटकाजवळच्या त्याच गोदामात. ते सकाळी पाचला उघडतं, पहिल्या पाळीच्या आधी. रेखा तिथं झाडलोट करते आणि पेशंटना पाणी देते असं ऐकलं आहे. त्या रस्त्यानं माझी एसटी दोनदा गेली. दोन्ही वेळा मी खिडकीपाशीच होते, पण उतरले नाही.